मामांच्या पेटीतले पेन्सिलीचे आकडे

तुम्ही फोंड्याचे चार मित्र. दर शनिवारी कुणाच्या तरी घरी जमता, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या नाचाच्या आवडत्या रेकॉर्डी एकमेकांना ऐकवता आणि मग भांडता. त्यात आता तुमच्या मामांची पेटी तुमच्याकडे आली आहे: साठेक तबकड्या, निम्म्यांवर बुरशी, सोबत त्यांनी कुवेतहून आणलेला टेक्निक्सचा डेक, म्हणजे तबकड्या वाजवायचं यंत्र. तुम्ही विचारलंय की बोनी एम. या गटाच्या गाण्यांना खरा डिस्को म्हणायचं का, बाकीचं सगळं ‘धप धप’ एकसारखंच का वाटतं, डेकचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा का येतो, बुरशीचं काय करायचं, आणि लेबलांवर पेन्सिलीने १०४, ११२, १२६ असे आकडे कसले आहेत. मामी म्हणतात, दिनारांचा हिशोब असेल.

दिनार नव्हेत. ११२ दिनार देऊन एक रेकॉर्ड आणली असती तर मामींनी त्याच दिवशी जाब विचारला असता. ते ठोके आहेत, एका मिनिटात किती पडतात ते. बी जीजवर १०४ लिहिलंय, शिक (Chic) या बँडच्या ‘गुड टाइम्स’वर ११२ आणि डोना समरच्या ‘आय फील लव्ह’वर १२६. एखादा ठोका इकडे-तिकडे सोडला तर तिन्ही बरोबर आहेत. म्हणजे तुमचे मामा नुसते ऐकणारे नव्हते, लावणारे होते. तिकडे कुणाला तरी नाचवत होते, आणि एक गाणं संपायच्या आत दुसरं त्यात मिसळत होते. घड्याळ समोर ठेवून ठोके मोजल्याशिवाय ते जमत नाही. आजच्यासारखा पडद्यावर आकडा दाखवणारी यंत्रं तेव्हा नव्हती. मीही असंच मोजायचो. फक्त पेन्सिल नसायची म्हणून कव्हरावर बॉलपेनने लिहायचो, आणि त्याचा आज पश्चात्ताप होतो.

माझी ओळख एवढीच की म्हापशाला वडिलांचा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. मुंज, लग्न, जत्रेतलं नाटक. पडदा उघडायच्या आधी भोंग्यावर नाट्यगीतं लावायची, हे माझं पहिलं काम. १९८१मध्ये बार्देशातल्या एका ख्रिश्चन लग्नात आमचे बॉक्स होते. साडेनऊला बँडवाले जेवायला गेले आणि नवऱ्यामुलाचे काका मला म्हणाले, ‘अरे, काहीतरी लाव तोवर.’ माझ्याकडे नाट्यगीतं, भावगीतं आणि ‘कुर्बानी’ची सात इंची तबकडी. लावली. सगळं अंगण उठलं. चार मिनिटांत गाणं संपलं आणि पुढची तबकडी माझ्या हाताला लागेना. पन्नास-साठ माणसं हात वर करून तशीच उभी. कुणीतरी शिटी मारली, बायका खुर्च्यांकडे परतल्या, आणि बँडवाले हातात ताटं घेऊन माझ्याकडे बघून हसत होते. गाणं चांगलं असणं आणि ते नाचाला पुरणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला त्या रात्री कळलं.

तुमच्या ‘सगळं एकसारखंच का’ या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. आपल्याकडे डिस्को मुखड्यापुरता पोचला. सात इंची तबकडीवर, रेडिओवर, नंतर कॅसेटवर जे आलं ते कापून आखूड केलेलं होतं. मुखडा, अंतरा, मुखडा, संपलं. नाच जिथे होतो तो मधला भाग आपण ऐकलाच नाही. तुम्ही आज फोनवर जे ऐकता तेही पुष्कळदा हेच आखूड रूप असतं. मामांच्या पेटीत मात्र बारा इंची आहेत, म्हणजे तुमच्याकडे मधला भाग आहे. पुढच्या शनिवारी एक करा: प्रत्येकाने एकच गाणं आणायचं, पण पूर्ण लांबीचं, आणि कुणी मध्ये बोलायचं नाही.

बारा इंची एकेरी तबकडी आली त्याची गोष्ट मला फार आवडते, कारण ती निव्वळ अडचणीतून आलेली आहे. न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन नावाचा माणूस नाचणाऱ्यांसाठी गाणी लांबवायचा. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तो एक गाणं तबकडीवर कापून घ्यायला गेला, तर कापणाऱ्याकडे सात इंचाची कोरी तबकडी शिल्लक नव्हती. त्याने दहा इंची घेतली. गाणं एवढ्याशा पट्टीत मावलं, बाकीची तबकडी रिकामी. ते वाईट दिसतं म्हणून मोल्टनने खाचा पसरून कापायला सांगितल्या, आणि पसरल्या म्हणून आवाजाची पातळीही वाढवता आली. ऐकून दोघेही चाट. दहाची मग बारा झाली.

कारण साधं आहे. आवाज जितका खालचा आणि मोठा, तितकी खाच आडवी जास्त हलते. खाचा दाटीवाटीने असतील तर एक दुसरीत घुसेल, म्हणून लांब गाण्याचा खालचा आवाज दाबावा लागतो. मोठ्या तबकडीवर जागा भरपूर, त्यामुळे बेस मोकळा सोडता येतो. ४५च्या वेगावर, म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांवर, कापली तर वरचे आवाजही स्वच्छ येतात, कारण दर सेकंदाला सुईखालून जास्त खाच जाते. तुमच्या मामांच्या बारा इंचींपैकी काही ४५च्या असतील, लेबल बघून वेग लावा. मी एकदा एक अख्खी बाजू ३३वर वाजवली आणि गायिकेचा आवाज बाईचा की बुवाचा यावर आमची चर्चा रंगली होती.

दुकानात विकायला आलेल्या पहिल्या बारा इंचींमध्ये १९७६ची डबल एक्स्पोजरची ‘टेन पर्सेंट’ धरतात. तीनेक मिनिटांचं गाणं वॉल्टर गिबन्सने नऊ मिनिटांच्या वर नेलं. त्याच्याही आधी, ग्लोरिया गेनरच्या पहिल्या एलपीची एक बाजू मोल्टनने अखंड जोडली होती, तीन गाणी मिळून एकोणीसेक मिनिटं, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. पेटीत ती असेल तर आधी ती ऐका. तिचंच ‘आय विल सर्व्हाइव्ह’ १९७८मध्ये दुसऱ्या एका गाण्याच्या मागच्या बाजूला आलं होतं. लावणाऱ्यांनी तबकडी उलटी केली म्हणून जगाला कळलं. तेव्हा मागची बाजू ऐकल्याशिवाय कुठलीच रेकॉर्ड परत पेटीत टाकू नका.

आता लांब म्हणजे नुसतं लांब नव्हे. चवथीला आपल्याकडे घुमट आरती होते ती डोळ्यांसमोर आणा. घुमट आणि शामेळ ही तालवाद्यं, कांसाळं म्हणजे झांजा. सुरुवात संथ, आणि शेवटाकडे लय अशी चढते की कांसाळंवाल्याचा हात दिसेनासा होतो. डिस्कोत लय चढत नाही. पहिल्या मिनिटाला जी, तीच आठव्याला. चढतात ते थर. आधी नुसता ड्रम, मग बेस, मग गिटार, मग व्हायोलिनं, मग बाई गाते. आणि सगळं शिगेला पोचलं की एकेक करून काढून घेतात. पुन्हा उघडा ड्रम आणि बेस उरतो. त्या मोकळ्या जागेला ब्रेक म्हणतात. नाचणारा तिथे थांबत नाही, उलट त्याला कळतं की आता पुन्हा सगळं परत येणार आहे. आपण गाणं ऐकतो ते शब्दांच्या मागे; हे ऐकायचं असतं काय आलं आणि काय गेलं याच्या मागे. कान एकदा त्या सवयीचा झाला की ‘धप धप’ची तक्रार आपोआप मिटते.

आणि खरं सांगायचं तर नाचवतो तो ‘धप’ नव्हेच. दोन धपांच्या मध्ये एक ‘त्स’ असतो, हाय-हॅटच्या दोन थाळ्या किंचित उघडून वाजवलेला. पाय धपावर पडतो आणि कंबर त्सावर उचलते. फिलाडेल्फियाच्या अर्ल यंग नावाच्या ड्रमरने १९७३मध्ये हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सच्या ‘द लव्ह आय लॉस्ट’वर हा ठेका असा बसवला की पुढे सगळ्यांनी तोच उचलला. ते गाणं लावा आणि मुद्दाम बाकी सगळं सोडून फक्त तो त्स ऐका.

माझ्या आवडीचं म्हणाल तर सगळ्यात वर शिकची १९७९ची ‘गुड टाइम्स’, आठ मिनिटांची. नाइल रॉजर्सची गिटार आणि बर्नार्ड एडवर्ड्सचा बेस. मध्ये एका ठिकाणी सगळे बाजूला होतात आणि बेस एकटा चालत राहतो. मी ती रेकॉर्ड किती वेळा लावली याचा हिशोब नाही, पण त्या जागी समोर बघायचं मी कधी चुकवलं नाही. जे नाचत नव्हते तेही पायाने ताल धरायचे. तो बेस इतका लोकांच्या मनात बसला की त्याच वर्षी शुगरहिल गँगच्या ‘रॅपर्स डिलाइट’ला तोच पाया घेतला, आणि पुढच्या वर्षी क्वीनने ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ केलं त्यातही त्याची सावली आहे. ही दोन्ही पाठोपाठ लावून बघा, ठोके जवळजवळ तेच आहेत.

‘आय फील लव्ह’ १९७७चं, म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी केलेलं. त्यात जवळपास सगळं मूग कंपनीच्या सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर सूर काढणाऱ्या यंत्रावर आहे. फक्त पायाचा ड्रम कीथ फोर्सीने हाडामांसाच्या पायाने वाजवला, कारण यंत्रातून तसा ठोसा निघेना. बेसचा सूर एका स्पीकरमधून येतो आणि त्याचाच पडसाद क्षणभराने दुसऱ्यातून, त्यामुळे तो दुप्पट वेगाने पळतोय असं वाटतं. तुमचा एक स्पीकर बंद आहे असं तुम्ही लिहिलंय. मग हे गाणं तुम्ही अर्धंच ऐकलंय. आधी तो दुरुस्त करून घ्या, मग मत द्या.

बी जीजच्या ‘स्टेइंग अलाइव्ह’बद्दल एवढंच की त्यातला ड्रम कुणी पूर्ण गाणंभर वाजवलेला नाही. ड्रमर घरच्या अडचणीमुळे गेला होता, म्हणून त्यांच्याच ‘नाइट फीव्हर’मधल्या दोन आवर्तनांची फीत कापून तिचं वेटोळं केलं आणि तेच फिरवत ठेवलं. म्हणून ते इतकं ठाम चालतं. १०४ला नाचायला थोडं जड जातं, पण गोव्यात ते लावलं आणि कुणी उठलं नाही असं झालेलं मला आठवत नाही. सिल्व्हेस्टरचं १९७८चं ‘यू मेक मी फील’ मात्र मी फार कमी लावू शकलो, कारण इतक्या वेगाला लग्नातली मंडळी दमतात. घरी ऐका.

आता बोनी एम. तुमच्यातला जो नाही म्हणतो त्याला माझ्यातर्फे एक सोडा पाजा आणि सांगा की तो चूक आहे. डिस्कोच आहे. फ्रँक फारियन या जर्मन निर्मात्याने स्टुडिओत बसून केलेला. तो जाड पुरुषी आवाजही त्याचाच, स्टेजवर नाचणारा बॉबी फॅरेल नुसते ओठ हलवायचा. १९७६च्या ‘डॅडी कूल’चा ठेका कुठल्याही अमेरिकन रेकॉर्डीच्या तोडीचा आहे. माझी तक्रार वेगळी आहे: त्यांची गाणी फार लवकर संपतात. मुखडा इतका गोड की तो पुन्हा पुन्हा देतात, आणि मोकळी जागा ठेवतच नाहीत. म्हणून ती सगळ्यांच्या तोंडी बसली. मी ती कायम रात्रीच्या सुरुवातीला लावायचो, लोकांना खुर्चीवरून उठवायला. उठल्यावर दुसरं काहीतरी लागतं.

आपल्या लोकांकडे येतो. बिड्डू बेंगळुरूचा. तो इंग्लंडला गेला आणि १९७४मध्ये त्याने कार्ल डग्लसकडून ‘कुंग फू फायटिंग’ गाऊन घेतलं. तेही आधी मागच्या बाजूसाठीच होतं. १९८०मध्ये ‘कुर्बानी’साठी त्यानेच पंधरा वर्षांच्या नाझिया हसनकडून ‘आप जैसा कोई’ गाऊन घेतलं, आणि त्या सिनेमाची बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची असली तरी लोकांनी तबकडी झिजवली ती या एका गाण्यापायी. त्याच वर्षी ‘कर्ज’मध्ये ऋषी कपूर फिरत्या भल्यामोठ्या रेकॉर्डीवर नाचला. अमेरिकेत १२ जुलै १९७९ला शिकागोच्या बेसबॉलच्या मैदानात लोकांनी डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला होता आणि तिथल्या कंपन्यांनी हात आखडते घेतले होते. आपल्याकडे तेव्हा कुठे सुरुवात होत होती. मला याचं कधी वाईट वाटलं नाही. तिकडेही मेला तो कंपन्यांसाठी. त्याच शिकागोत फ्रँकी नकल्सच्या क्लबात जुन्या तबकड्या वाजत राहिल्या आणि त्यातूनच हाउस नावाचं नाचाचं संगीत आलं.

दोन नावं तुमच्या यादीत नाहीत, ती घालतो. एक, मुंबईची आशा पुथली. १९७६च्या ‘द डेव्हिल इज लूज’ या एलपीवर तिचं ‘स्पेस टॉक’ आहे. न्यूयॉर्कला डेव्हिड मँकूसो स्वतःच्या राहत्या जागेत नाचाच्या रात्री करायचा, त्या ‘लॉफ्ट’मध्ये ते फार चालायचं. रात्र उतरणीला लागली की लावायचं गाणं आहे ते. आपल्याकडच्या किती लोकांना ठाऊक आहे? मलाही ते वीस वर्षं उशिराच मिळालं.

दुसरं नाव चरणजित सिंग. सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा माणूस. १९८२मध्ये एचएमव्हीवर त्याने दहा रागांची एलपी काढली, डिस्को ठेक्यावर. रोलँडच्या तीन यंत्रांवर सगळं: ८०८ हा ड्रम, ३०३ हा बेस आणि ज्युपिटर-८. खपली नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्याच ३०३मधून ॲसिड हाउस हा हाउसचा प्रकार निघाला, आणि २०१०मध्ये चरणजितची एलपी पुन्हा छापून आली तेव्हा जगभरच्या लोकांनी डोक्याला हात लावला. माझ्या मते तुम्हाला, नाट्यगीतांच्या मुलखात वाढलेल्यांना, ती कुणाहीपेक्षा जास्त कळेल. भैरव लावा. बेस एकाच जागी घसरत-घसरत फिरतो आणि वर कोमल रिषभ ओळखीच्या माणसासारखा येऊन उभा राहतो. मूळ छपाईच्या मागे लागू नका, किंमत ऐकून जेवण जाणार नाही. नवी छपाई घ्या.

गोव्याचं विचाराल तर इथे नाचाची गाणी डिस्कोच्या आधीपासूनच होती. ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांचं ‘बेबदो’ १९७१चं. चा-चा-चा आणि जॅझच्या बँडची ती मंडळी, डिस्कोशी संबंध नाही. पण साडेअकराला लॉर्नाचा आवाज सुटला की ख्रिश्चन-हिंदू, कोंकणी-मराठी सगळे एका रांगेत. आमच्या हिंदू लग्नांत तेव्हा नाचायला जागाच नसायची, सगळ्या हॉलभर खुर्च्या. नाचायचं ते वरातीत. ते बदललं ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला. १९८७चं किशोरकुमारचं ‘अश्विनी ये ना’ मी डिचोलीला एका रिसेप्शनमध्ये लावलं आणि नवरीच्या आत्याने स्वतः खुर्च्या भिंतीला लावल्या.

किनाऱ्यावरचा हिशोब निराळाच होता. हणजूण-वागातोरला परदेशी लोकांच्या रात्री व्हायच्या तिथे तबकड्या चालतच नव्हत्या. उन्हाने वाकायच्या, वाळू खाचेत जायची. म्हणून ते लोक कॅसेटवर वाजवायचे, पुढे डॅट या डिजिटल फितीवर. लॉरां नावाचा फ्रेंच माणूस तर गाण्यांतले शब्दच कापून टाकायचा, वाद्यांचे तुकडे तेवढे जोडायचा आणि दोन कॅसेटयंत्रांवरून मिसळत राहायचा. बघा, पुन्हा तीच गोष्ट: मुखडा काढून टाकला आणि मोकळी जागा तेवढी ठेवली. गोवा ट्रान्स नावाचं नाचाचं संगीत पुढे आलं ते असल्याच फितींतून. वागातोरच्या त्या घळीला आजही डिस्को व्हॅलीच म्हणतात, तिथे डिस्को क्वचितच वाजला असेल तरी. मी तिकडे एकदा बॉक्स भाड्याने दिले होते, १९८६च्या जानेवारीत. सोबत हौसेने माझ्या आठ रेकॉर्डी नेल्या. टेंपोच्या काचेमागे ठेवल्या आणि दुपारी शहाळं प्यायला गेलो. परत येतो तर आठही पापड. त्यातली एक मोरोडरची होती. तिच्या कव्हरात आज दुसरीच तबकडी आहे.

तुमच्या डेकचं निदान सोपं आहे. तो तुम्ही होम थिएटरच्या साध्या ‘ऑक्स’ खोबणीत जोडलाय. तबकडी कापताना खालचे आवाज मुद्दाम कमी आणि वरचे वाढवून कापतात, आणि वाजवताना ते उलटं करून पूर्ववत करणारं सर्किट लागतं. जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘फोनो’ असं लिहिलेली खोबण असते तीच ती. तुमच्या यंत्रात ती नाही, म्हणून बेस गायब आणि पत्रा शिल्लक. छोटा फोनो प्रीॲम्प मिळतो, तो मध्ये घाला. डेकची अर्थिंगची बारीक तार त्याच्या स्क्रूला जोडा, नाहीतर भुंग्यासारखं गुणगुणत राहील.

सुई मात्र आधी बदला, मगच मामांच्या तबकड्यांना लावा. घिसलेली सुई खाच खरवडते आणि ते परत भरून येत नाही. घरी ऐकायच्या सुईला दीड ते दोन ग्रॅम भार पुरतो, क्लबातल्या सुईला तीनच्या आसपास. नेमका आकडा सुईसोबतच्या कागदावर असतो. उडते म्हणून वर चार आण्याचं नाणं ठेवायची आपल्याकडे पद्धत होती. माझ्या वडिलांचीही होती, आणि त्यांच्या रेकॉर्डी आज कशा वाजतात ते मला विचारू नका.

बुरशीला घाबरू नका, गोव्यात चार पावसाळे काढलेल्या प्रत्येक पेटीत ती असते. उन्हात वाळवू नका एवढंच. आतली कागदी पाकिटं सरळ फेका, बुरशीचं घर तेच असतं. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात चौथा हिस्सा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. मऊ कपड्याने खाचेच्या दिशेने गोल पुसा, आडवं नाही. लेबल भिजू देऊ नका. मामांची पेन्सिल तिथेच आहे. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसा आणि ताटाळ्यात उभ्या वाळवा. पेटीत जुन्या ७८च्या जाड तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोल अजिबात लावायचं नाही, त्या लाखेच्या असतात आणि विरघळतात. हे काम करताना नाका-तोंडावर फडकं बांधा. नंतर नव्या पाकिटांत घालून उभ्या ठेवा, जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब, नाहीतर कसर आणि वाळवी आहेतच.

मामांच्या आकड्यांकडे पुन्हा येतो, कारण त्यातून त्यांची रात्र मांडता येते. तुमच्या डेकवर वेग आठ टक्के वर-खाली होतो. ११२ आणि १२६ एकमेकांना भिडवायचे तर एक सहा टक्के चढवा, दुसरा सहा टक्के उतरवा, ११८-११९च्या आसपास गाठ पडते. पण सहा टक्के म्हणजे हार्मोनियमवरची पट्टीच बदलते. काळी एकमध्ये गाणारी बाई पांढरी दोनमध्ये जाते. कान असलेला माणूस ते करणार नाही. त्यामुळे शिक आणि डोना समर यांच्यामध्ये त्यांनी ११५, ११८, १२२ अशा पायऱ्या ठेवल्या असणार. आकड्यांप्रमाणे तबकड्या लावून घ्या, तुम्हाला त्यांचा क्रम दिसेल. मोजायचं असेल तर पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, एका ठोक्याची चूक चार होते. पूर्ण मिनिट मोजा.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की एका कव्हर नसलेल्या, लेबल फाटलेल्या तबकडीवर ‘११६–११९’ असे दोन आकडे आहेत आणि त्यांनी चुकून लिहिले असावेत. चूक नाही. लेबल न बघता सांगतो, त्यावर ड्रम माणसाने वाजवलाय. यंत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच ठोके देतं. माणूस रंगात आला की थोडा पुढे सरकतो. मामांनी सुरुवात वेगळी मोजली आणि शेवट वेगळा, कारण पुढची तबकडी जोडायची ती शेवटाला. ती रेकॉर्ड कुठली हे कळायचं असेल तर खाचा संपून लेबल सुरू होतं त्या गुळगुळीत पट्टीवर बॅटरीचा उजेड तिरका मारा, कोरलेला क्रमांक दिसेल. तो मला कळवा, नाव शोधून देतो. आणि पेटीत कुठेतरी ११९ लिहिलेली एक तबकडी असणार. ती आधी धुवा.